विकिपीडियावर अडले, तर विचारायचे कोणाला?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांमध्ये मराठी विकिपीडियाविषयीची पत्रे अलीकडे बरीच वाढली आहेत. लिहिणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत, गावाचा इतिहास जुळवणारे हौशी अभ्यासक आहेत, आणि बहुतेकांची अडचण एकाच जातीची आहे : लिहायला बसलो, काहीतरी अडले आणि दाद कोणाकडे मागायची ते कळेना. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशाला संपादकीय कार्यालय नाही आणि तक्रार नोंदवून घेणारा पगारी कर्मचारीही नाही. विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतील संस्था सर्व्हर व तांत्रिक व्यवस्था सांभाळते. लेखात काय राहावे आणि काय जावे हे मात्र तेथे लिहिणारे स्वयंसेवकच आपसांत ठरवतात. त्यामुळे मदतही त्यांच्याकडूनच मिळते, आणि ती मिळेल की नाही हे प्रश्न कोठे व कसा विचारला यावर पुष्कळसे अवलंबून असते.

प्रश्न : 'कास पठार' या लेखात मी फुलांच्या हंगामाची माहिती, आरक्षणासाठीचा फोन क्रमांक आणि जवळपासच्या राहण्याच्या सोयी असा एक परिच्छेद घातला होता. संध्याकाळपर्यंत तो नाहीसा झाला. कोणी काढला, का काढला, काहीच समजले नाही. तक्रार कोठे करावी?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : तक्रारीच्या आधी लेखाच्या वरच्या बाजूला असलेल्या 'इतिहास पहा' या शब्दांवर टिचकी मारावी. सातबाऱ्यावरील फेरफाराप्रमाणे तेथे प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि नवी नोंद झाली म्हणून जुनी पुसली जात नाही. प्रत्येक ओळीत बदलाची वेळ व तारीख, बदल करणाऱ्याचे सदस्यनाव, लेख किती वाढला किंवा घटला हे दाखवणारा हिरवा अथवा लाल आकडा, आणि कारण लिहिले असल्यास ते, अशा क्रमाने माहिती असते. लाल आकडा मोठा दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. तो अक्षरांचा नसून बाइटचा असतो, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा-वेलांटी धरून, तीन बाइट लागतात. म्हणजे उणे तीनशे असा आकडा दिसला तरी गेलेला मजकूर जेमतेम एक-दोन वाक्यांचाच असू शकतो. आपण घातलेला परिच्छेद जुन्या आवृत्तीत अक्षरशः जसाच्या तसा सापडेल. तो तेथून उतरवून घ्यावा, मात्र लगेच परत लेखात चिकटवू नये.

आपण वर्णन केलेल्या परिच्छेदात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. पश्चिम घाटातील ज्या स्थळांचा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला त्यांत कास आहे, त्यामुळे तेथील फुलांच्या हंगामाची माहिती ज्ञानकोशात असणे अगदी योग्य आहे. फक्त तिला वनस्पतिशास्त्राचे पुस्तक, वन विभागाचे प्रकाशन किंवा चांगल्या वृत्तपत्रातील लेख असा छापील अथवा जालावरील संदर्भ हवा. फोन क्रमांक आणि राहण्याच्या सोयी मात्र कोणत्याही स्थळाच्या लेखात ठेवल्या जात नाहीत, कारण ती पर्यटन पुस्तिकेची सामग्री झाली. एकाच परिच्छेदात योग्य आणि अयोग्य मजकूर मिसळलेला असला की घाईत असलेला स्वयंसेवक निवडत बसत नाही, सगळाच उलटवून, म्हणजे लेख पूर्ववत करून, मोकळा होतो. हे बरे नव्हे, पण घडते असेच.

आता विचारायचे कोठे, याविषयी. ज्याने बदल उलटवला त्याच्या सदस्यनावाला जोडून त्याचे चर्चा पान असते. पहिला प्रश्न तेथे किंवा लेखाच्या 'चर्चा' पानावर विचारणे शिष्टाचाराला धरून आहे. मात्र मराठी विकिपीडियावर नियमित काम करणारे लोक मोजके आहेत आणि अनेक लेखांच्या चर्चा पानांकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून तीन-चार दिवसांत उत्तर आले नाही तर 'मदतकेंद्र' या पानावर थोडक्यात प्रश्न लिहून चर्चेचा दुवा द्यावा. एखाद्या लेखापुरता नसलेला, धोरणाचा प्रश्न असेल तर तो 'चावडी'वर, म्हणजे सर्वांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, न्यावा. एकच तक्रार चारही ठिकाणी चिकटवली, तर उत्तर देणाऱ्यांचा उत्साह मावळतो.

प्रश्नाची भाषाही पाहू. 'माझे लिखाण का काढता? सातारकरांवर अन्याय होत आहे' या वाक्याला कोणी काय उत्तर देणार? त्याऐवजी असे लिहावे : 'कास पठार या लेखात मी सोमवारी दुपारी घातलेला फुलांच्या हंगामाचा परिच्छेद उलटवला गेला आहे. कारण म्हणून संदर्भ नाही असे लिहिले आहे. वन विभागाची छापील माहितीपत्रिका माझ्याकडे आहे. ती संदर्भ म्हणून चालेल का, आणि तिचा तपशील कसा नोंदवावा?' यात लेख कोणता, बदल कधीचा, आक्षेप काय आणि आपल्याला हवे काय, या चारही गोष्टी आल्या आहेत. अशा प्रश्नाला उत्तर द्यायला वाचणाऱ्याला दोन मिनिटे पुरतात. शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकले की आपले नाव आणि वेळ आपोआप उमटते. निनावी प्रश्नाला कोणी उत्तर दिले तरी ते आपल्यापर्यंत पोहोचायचे कसे?

प्रश्न : किर्लोस्करवाडीच्या लेखात मी 'सांगली जिल्हा' असे लिहितो, तर दुसरे एक गृहस्थ ते खोडून 'सातारा जिल्हा' करतात आणि तिसरे कोणीतरी 'औंध संस्थान' असे लिहून जातात. मी इथेच राहतो, माझे आजोबा कारखान्यात होते. तरीही माझे लिखाण टिकत नाही. प्रचालकांना सांगून त्या दोघांना रोखता येईल का?
— एक वाचक, पलूस

उत्तर : या भांडणात गंमत अशी आहे की तिघांनाही काहीतरी आधार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली तेव्हा ती जागा औंध संस्थानात होती. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीच ती त्यांना दिली होती. आसपासचा पुष्कळसा ब्रिटिश मुलूख त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे, आणि १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या चळवळीलाही साताऱ्याचेच नाव चिकटले, जरी तिच्या कार्यक्षेत्रातील कुंडलसारखी गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा १९३० सालच्या घटनेविषयी बोलताना 'सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी' असे लिहिणे जितके चुकीचे, तितकेच आजचा पत्ता सांगताना 'औंध संस्थान' लिहिणे चुकीचे.

लेखाची सुरुवात आजच्या स्थितीने करावी आणि लगोलग पुढच्या वाक्यात पूर्वीची स्थिती सांगावी, म्हणजे तिघांचेही समाधान होते : 'किर्लोस्करवाडी हे महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे. १९१० साली ही वसाहत स्थापन झाली त्या वेळी हा भाग औंध संस्थानात होता.' ही वाक्ये लेखात थेट न घालता आधी चर्चा पानावर मांडावीत, दोघांनाही साद घालावी, म्हणजे त्यांच्या सदस्यनावाचा दुवा देऊन त्यांना सूचना जाईल असे करावे, आणि आठवडाभर वाट पाहावी. हरकत आली नाही तर चर्चेचा उल्लेख करून बदल करावा. पुढे कोणी तो उलटवलाच, तर त्याने चर्चेकडे दुर्लक्ष केले हे इतरांना उघड दिसेल.

प्रचालकांविषयी आपली अपेक्षा मात्र थोडी बदलावी लागेल. पान काही काळ सुरक्षित करणे, उपद्रव देणाऱ्या खात्यावर प्रतिबंध घालणे, पान हटवणे असे तांत्रिक अधिकार त्यांच्याकडे असतात. दोन प्रामाणिक संपादकांपैकी बरोबर कोण याचा निवाडा करण्याचा अधिकार त्यांना नाही. उलट एकमेकांचे बदल सतत उलटवण्याबद्दल ते दोन्ही बाजूंना समज देऊ शकतात. इंग्रजी विकिपीडियावर तर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा बदल उलटवले, तर आपली बाजू खरी असूनही प्रतिबंध लागू शकतो. अशा वेळी दुसऱ्या नावाने खाते काढून स्वतःलाच पाठिंबा देण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. तांत्रिक तपासणीत असली खाती सापडतात, आणि मग खऱ्या मुद्द्याकडेही कोणी लक्ष देत नाही.

आजोबांच्या आठवणींविषयी एवढेच सांगतो की त्या मोलाच्या आहेत, पण विकिपीडियाला आधी कोठेतरी प्रसिद्ध झालेला आधार लागतो. त्या आठवणी एखाद्या नियतकालिकात किंवा स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात छापून आल्या, तर पुढे कोणीही त्यांचा संदर्भ देऊ शकेल.

प्रश्न : मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि परिसरातील मंदिरे यांवर मी सविस्तर लेख लिहिला होता. मजकूर एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतून आणि काही अंशी एका कोशातून घेतला होता व खाली दोन्हींचा ऋणनिर्देशही केला होता. तरी 'प्रताधिकारभंग' (कॉपीराइटचा भंग) असा शेरा मारून पूर्ण लेख हटवण्यात आला. श्रेय दिल्यावर भंग कसा झाला? आणि माझा मजकूर परत मिळेल का?
— एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : मराठी विश्वकोशाचे काम जेथून चालते त्या वाईच्या रहिवाशाला कोशाची शिस्त सांगणे थोडे अवघडच आहे. तरी विश्वकोश आणि विकिपीडिया यांतील एक फरक येथे महत्त्वाचा ठरतो. विश्वकोशातील नोंदीखाली ती लिहिणाऱ्या तज्ज्ञाचे नाव असते आणि तिचे पुढे काय करायचे हे प्रकाशक ठरवतो. विकिपीडियावर मात्र आपण 'बदल प्रकाशित करा' ही कळ दाबतो त्या क्षणी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आपण साऱ्या जगाला मुभा देतो की हा मजकूर कोणीही घ्यावा, बदलावा, व्यापारासाठीही वापरावा. अट एवढीच की श्रेय द्यावे आणि पुढेही तोच परवाना ठेवावा. अशी मुभा आपण फक्त स्वतःच्या मजकुराबद्दल देऊ शकतो. स्मरणिकेतील लेख दुसऱ्याने लिहिलेला असताना आपण ती कोणत्या अधिकाराने देणार? श्रेय दिल्याने वाङ्मयचौर्याचा आरोप टळतो, परवानगीचा प्रश्न तसाच राहतो.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतरच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. उदाहरणार्थ, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे निधन १९९४ साली झाले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील प्रताधिकार २०५४ अखेरपर्यंत राहील. प्रताधिकार असतो तो वाक्यांवर आणि मांडणीवर. वाडा कोणी बांधला, घाट कोठे आहे, या वस्तुस्थितीवर कोणाचीच मालकी नसते. तेव्हा दोन-तीन साधने समोर ठेवून वाचावीत, मग ती मिटवून आपल्या शब्दांत लिहावे आणि प्रत्येक विधानाला पृष्ठक्रमांकासह संदर्भ द्यावा. नुसती क्रियापदे बदलून आणि वाक्ये उलटसुलट करून केलेले लेखन पुन्हा हटवले जाईल, आणि ते रास्तच होईल.

आपल्या विषयासाठी सातारा जिल्ह्याचे गॅझेटिअर पाहावे. मुंबई इलाख्याच्या मालिकेतील त्याचा १८८५ सालचा इंग्रजी खंड प्रताधिकारमुक्त आहे, आणि १९६३ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. जुन्या खंडाचे शब्दशः भाषांतर करून लेख भरण्याची एक पद्धत पडली आहे, ती मला पसंत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी जातींविषयी आणि गावांविषयी केलेली शेरेबाजी आज निर्विकारपणे ज्ञानकोशात उतरवणे बरे दिसत नाही, आणि त्यातील लोकसंख्या, रस्ते, अंतरे ही तर केव्हाच कालबाह्य झाली. इमारतींचे वर्णन आणि देवळांवरील शिलालेखांच्या नोंदी मात्र उपयोगी पडतात.

मजकूर परत मिळण्याबाबत : हटवलेले पान सामान्य सदस्याला दिसत नसले तरी प्रचालकाला दिसते. ज्यांनी ते हटवले त्यांचे नाव हटवण्याच्या नोंदीत असते. त्यांच्या चर्चा पानावर विनंती करावी. संदर्भ अपुरे होते किंवा लेख अर्धवट होता अशा कारणाने पान गेले असेल, तर ते आपल्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लेखनासाठीच्या आपल्या पानावर, हलवून दिले जाऊ शकते आणि तेथे सावकाश सुधारता येते. प्रताधिकारभंगाच्या बाबतीत मजकूर परत जागेवर ठेवला जात नाही, पण आपण जोडलेली संदर्भसूची तेवढी द्यावी अशी विनंती करायला हरकत नाही. यापुढे मोठा लेख लिहिताना त्याची एक प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवावी.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांवर विकिपीडियात पान करून देतो, ते कायम राहील याची हमी देतो, असे सांगून एकाने पंचवीस हजार रुपये मागितले आहेत. तो स्वतःला प्रचालक म्हणवतो. पैसे द्यावेत का?
— एक वाचक, कराड

उत्तर : देऊ नयेत. पान कायम राहण्याची हमी तेथे कोणीच देऊ शकत नाही, आणि प्रचालकपदाचा वापर करून पैसे घेणे हा तर सरळ गैरप्रकार आहे; बहुतेक वेळा असा मनुष्य प्रचालक नसतोच. मोबदला घेऊन लिहायला पूर्ण बंदी नाही, पण कोणाकडून आणि कोणासाठी पैसे घेतले हे जाहीर करण्याची अट वापराच्या नियमांतच २०१४ पासून आहे. संस्थापकांच्या कार्याची दखल संस्थेशी संबंध नसलेल्या लेखकांनी, वृत्तपत्रांनी वा अभ्यासकांनी विस्ताराने घेतली असेल, तर त्या लेखांची यादी चर्चा पानावर किंवा मदतकेंद्रावर ठेवून आपला संबंध मोकळेपणाने सांगावा आणि पान तयार करण्याची विनंती करावी. अशी दखल कोठेच घेतली गेली नसेल, तर लाख रुपये दिले तरी पान टिकणार नाही. आलेले संदेश जपून ठेवून त्यांची माहिती चावडीवर दिली, तर इतर संस्था सावध होतील.

प्रश्न : आमचे घराणे सतारी बनवते. आजोबा दुकानात तुंबा (सतारीचा भोपळा) कोरत असतानाचे जुने छायाचित्र आणि माझ्या भावाचे कामावरचे नवे छायाचित्र, अशी दोन मी विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियासाठीच्या चित्रांच्या खुल्या संग्रहावर, चढवली. दोन्हींवर हटवण्याची सूचना लागली आहे. घरचीच छायाचित्रे आमची नाहीत, हे कसे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दोन्हींची कारणे वेगळी असावीत. नवे छायाचित्र आपण व्हॉट्सॲपवरून आलेले चढवले असण्याची शक्यता आहे. त्या मार्गाने आलेल्या चित्राचा आकार घटतो आणि कॅमेरा, तारीख, वेळ ही त्यात दडलेली माहिती गळून पडते. तपासणाऱ्याला मग ते जालावरून उचलल्याचा संशय येतो. भावाच्या भ्रमणध्वनीतील किंवा कॅमेऱ्यातील मूळ संचिका (फाइल) घ्यावी, आणि छायाचित्र ज्याने काढले त्यानेच स्वतःच्या खात्यावरून ती चढवावी. छायाचित्रात जो दिसतो तो नव्हे, तर साधारणपणे ते टिपणारा त्याचा हक्कदार असतो.

जुन्या छायाचित्राबाबत आपण चढवताना 'स्वतःचे काम' हा पर्याय निवडला असणार, आणि आजोबांच्या तरुणपणीचे छायाचित्र नातवाने काढलेले असू शकत नाही हे कोणाच्याही लक्षात येते. ते स्टुडिओवाल्याला पैसे देऊन काढून घेतले असेल तर भारतीय कायद्यात आपल्या बाजूची एक तरतूद आहे : मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला प्रताधिकार, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे असतो. शिवाय १९५८ पूर्वी काढलेल्या छायाचित्रांची भारतातील मुदत आता संपलेली आहे. म्हणून मूळ प्रतीच्या मागे तारीख वा स्टुडिओचा शिक्का आहे का ते पाहावे, मागच्या बाजूचेही चित्र घ्यावे आणि वर्णनात खरी हकीकत लिहावी. कॉमन्सवर अमेरिकेतील कायद्याचीही बाजू पाहिली जाते, त्यामुळे एवढ्यावर निर्णय आपल्या बाजूने लागेलच असे नाही, पण खरी माहिती दिल्याने चर्चेला आधार मिळतो.

सूचनेखालील दुव्यावरून हटवण्याच्या चर्चेचे पान उघडते. सामान्यतः ती चर्चा किमान आठवडाभर खुली असते. तेथेच वरील माहिती लिहावी. इंग्रजी अवघड वाटत असेल तर मराठीत लिहिले तरी चालते. हक्कदार दुसरा कोणी असल्यास त्याने परवानगीचे पत्र ईमेलने कॉमन्सच्या स्वयंसेवक प्रतिसाद पथकाकडे पाठवायचे असते. ते पत्र जाहीर होत नाही. 'विकिपीडियात वापरायला हरकत नाही' एवढीच परवानगी मात्र अपुरी ठरते, तीत व्यापारी वापरासह खुल्या परवान्याचा नावानिशी उल्लेख हवा. मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असताना सतारमेकर गल्लीतील कामाची चांगली छायाचित्रे कॉमन्सवर यायलाच हवीत, म्हणून ही एवढी यातायात करावी असे मी आग्रहाने सांगेन. तुंबा निवडणे, तो भिजवणे, कापणे, पडदे बांधणे अशा प्रत्येक टप्प्याचे एक छायाचित्र आले, तर तो संग्रह अभ्यासकांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी आजवर विकिपीडियात एक अक्षरही लिहिलेले नाही. काल मोबाइलवरून पहिल्यांदाच शुद्धलेखनाची चूक सुधारायला गेलो, तर 'आपल्याला संपादनास प्रतिबंध केला आहे' असा संदेश आला. माझा गुन्हा काय?
— एक विद्यार्थी, फलटण

उत्तर : आपला काहीही गुन्हा नाही. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना आयपी पत्त्यांच्या (जालावर जोडणी ओळखण्याच्या क्रमांकांच्या) एकाच पट्ट्यातून सेवा देतात. त्या पट्ट्यातून कोणी वारंवार खोडसाळपणा केला तर संपूर्ण पट्ट्यावर प्रतिबंध घातला जातो आणि ओल्याबरोबर सुकेही जळते. बहुतेक वेळा हा प्रतिबंध फक्त खाते न उघडता लिहिणाऱ्यांपुरता असतो, म्हणून आपल्या खात्यातून प्रवेश केला की अडचण दूर होते. खाते उघडण्यालाही त्याच पट्ट्यावरून मनाई असेल, तर महाविद्यालयाच्या किंवा घरच्या वायफायवरून खाते उघडावे आणि नंतर मोबाइलवरून वापरावे. व्हीपीएन, म्हणजे आपला खरा आयपी पत्ता झाकणारी सेवा, चालू असल्यास आधी बंद करावे, कारण तसले पत्ते बहुधा सरसकट बंद केलेले असतात. खात्यातून प्रवेश करूनही तोच संदेश येत राहिला, तर त्या संदेशात प्रतिबंधाचा क्रमांक, तो घालणाऱ्याचे नाव, कारण आणि मुदत दिलेली असते. ती सर्व जशीच्या तशी उतरवून स्वतःच्या सदस्य चर्चा पानावर प्रतिबंध उठवण्याची विनंती लिहावी. प्रतिबंध असतानाही बहुतेक वेळा ते एक पान लिहिण्यासाठी खुले ठेवलेले असते.